बालक क्रमांक दोनशे सात

साहेब, चूक तुमची आहे. टेलरमास्तरांची नाही, त्यांच्या बायकोची नाही, शाळेतल्या बाईंची थोडीफार आहे, आणि त्या बारा वर्षांच्या पोरीची तर नखाएवढीही नाही. मुलांना इंटरनेटवर सुरक्षित ठेवायचं म्हणून तुमच्या बालसुरक्षा विभागाने एक फॉर्म काढला. त्यावर तुमची सही आहे. सही करण्यापूर्वी तुम्ही तो वाचला नव्हता, असं मी तुमच्या भल्यासाठी धरून चालतो. वाचून सही केली असेल तर मग बोलणंच खुंटलं. पुढे काय झालं ते आता नीट ऐका.

तो फॉर्म एका मंगळवारी दुपारी टेलरमास्तरांच्या मोबाइलवर आला. मास्तर तेव्हा एका शर्टाला कॉलर लावत होते. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर वर्गशिक्षिकेने लिहिलं होतं, 'सर्व पालकांनी सोबतचा ऑनलाइन सुरक्षा फॉर्म आजच्या आज भरावा. माहिती खरी व अचूक असावी. एकही रकाना रिकामा ठेवू नये.'

दुसऱ्या कुणाला ते शेवटचं वाक्य दिसलंही नसतं. मास्तरांना फक्त तेच दिसलं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांची मापं घेतली होती आणि वहीतला एकही रकाना कधी कोरा सोडला नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं, "अंदाजे टाका हो," की मास्तर गळ्यातली टेप काढून पुन्हा छाती मोजायचे. आज कोरा रकाना म्हणजे उद्या काखेत घट्ट, हा त्यांचा अनुभव. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला, कात्री बाजूला सारली आणि बसले.

रकाने चाळीस होते. मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, उंची, चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो, घरचा पत्ता जवळच्या खुणेसह, मुलगी वापरते तो मोबाइल नंबर. मास्तर भरत गेले. 'बालक घरी एकटे असते का? असल्यास वेळ.' चार ते साडेसहा, रविवार सोडून. 'एकटे असताना बालक घरात प्रवेश कसा करते?' इथे मास्तर जरा थांबले. पण विभाग विचारतोय म्हणजे काही कारण असणार. त्यांनी लिहिलं, 'जिन्याखाली विजेच्या मीटरची पेटी आहे. पेटीवर डाव्या हाताला, कडेपासून सहा इंच आत चावी असते.' 'बालकाची आवड.' मोठ्याने गाणे. सूर लागत नाही पण आवाज खणखणीत आहे. 'बालकास कशाची भीती वाटते?' पाल.

चाळिसावा रकाना भरला तेव्हा पडद्यावर आलं, 'धन्यवाद. आपले बालक आता सुरक्षित आहे.' लग्नातला सूट दोन दिवस आधी तयार करून दिल्यासारखं मास्तरांना हलकं वाटलं.

बुधवारी सकाळी शेजारच्या गल्लीतला इस्त्रीवाला कपडे न्यायला दुकानात आला. त्याचा मुलगाही त्याच शाळेत. गठ्ठा बांधता बांधता तो म्हणाला, "मास्तर, एक सांगू का? ती चावी अजून दोन इंच आत सरकवा. जिना उतरताना चकाकते."

मास्तरांच्या बोटात सुई गेली. "कुठली चावी?"

"मीटरच्या पेटीवरची. आत्ता येता येता बघून आलो. बरोब्बर सहा इंच आहे. तुमचं माप म्हणजे माप, मास्तर."

"तुला कुणी सांगितलं?"

"यादीत आहे की. दोनशे सात नंबर. सगळ्यांचंच आहे, चारशे बारा पोरांचं. माझ्या पोराचंही आहे. पण मी काय एवढं लिहीत बसलो नाही बुवा. स्वभाव विचारला तिथे 'बरा' टाकलं आणि मोकळा झालो."

झालं होतं असं. कुणी फॉर्म भरला आणि कुणी नाही हे चारचौघांत दिसावं, म्हणजे मागे राहिलेल्यांना लाज वाटेल, म्हणून वर्गशिक्षिकेने भरलेल्या फॉर्मांच्या यादीची लिंक ग्रुपवर टाकली. यादी तुमच्या विभागाची. तिला कुलूप नाही, कडी नाही. लिंक ज्याच्या हातात, यादी त्याच्या डोळ्यांपुढे. एका पालकाने ती आपल्या इमारतीच्या ग्रुपवर पाठवली, इमारतीतून ती एका शिकवणीवाल्याकडे गेली, आणि तिथून कुठे कुठे गेली हे तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, आम्हाला नाही.

दुपारपर्यंत मास्तरांना तीन फोन आले. पहिला गणिताच्या शिकवणीचा. "आपली मुलगी चार ते साडेसहा रिकामी असते, आमची बॅच चारचीच आहे." दुसरा गायनवर्गाचा. "आवाज खणखणीत आहे म्हणे. सुराचं आम्ही बघून घेऊ." तिसरा घरात औषध फवारणाऱ्याचा. तो फारच आपुलकीने म्हणाला, "आपल्याकडे पालींचा त्रास आहे ना?"

मास्तरांची बायको इस्पितळात रक्त तपासणीला होती. दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचून ती घरी आली की उरलेली सुई मास्तरांसाठी असायची.

"तुम्ही चावीची जागा लिहिलीत," ती म्हणाली.

"विचारली होती."

"विचारली म्हणून सांगायची?"

"रकाना होता."

"उद्या कुणी दारात येऊन विचारलं, कपाटातले पैसे कुठल्या कप्प्यात ठेवता, तर?"

मास्तर विचारात पडले. "लेखी विचारलं तर..."

बायकोने हातातली पिशवी दाणकन खाली ठेवली.

मुलीला घरात सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशीच, आणि बोलणंही टोक असलेलं. ती आईच्या जुन्या मोबाइलवर यादी वाचत होती. आपल्याबद्दल कुणी एवढं सविस्तर लिहिलेलं तिने आयुष्यात पहिल्यांदाच वाचलं.

"बाबा, तू मला काय शिकवलंस? अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, पत्ता सांगायचा नाही, फोटो द्यायचा नाही."

"बरोबर."

"आणि तू चाळीस गोष्टी सांगितल्यास."

"अगं, मी विभागाला सांगितल्या."

"विभाग तुझ्या ओळखीचा आहे?"

मास्तरांनी त्याच संध्याकाळी दाराचं कुलूप बदललं आणि नवी चावी नाडीत ओवून टाचणीच्या गळ्यात घातली. मग त्यांना फॉर्मच्या खालची बारीक ओळ आठवली, 'माहितीत बदल झाल्यास सात दिवसांत कळवावे,' आणि त्यांनी मोबाइल हातात घेतला. बायकोने तो काढून घेतला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. ती चावी कुठे ठेवली ते मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. गुरुवारी ते संपलं.

गुरुवारी सव्वाचारला टाचणी दप्तर पाठीला तसंच ठेवून दुकानात आली आणि मोबाइल मास्तरांसमोर कापडावर ठेवला. अनोळखी नंबरावरून निरोप होता. 'फोटोतला निळा ड्रेस छान आहे. तू गातेस ना? घरचे साडेसहाला येतात. तोपर्यंत बोलूया?'

"उत्तर दिलं नाही मी," टाचणी म्हणाली. "स्क्रीनशॉट काढला, नंबर ब्लॉक केला, घर बंद केलं आणि इकडे आले."

मास्तरांनी निरोप दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. बाहेर कुणीतरी पायजम्याची नाडी मागत होतं, ते तसंच उभं राहिलं.

"तू बरी आहेस ना?"

"आहे की. पण आता चार वाजता मी घरी नाही जाणार."

एवढंच ती बोलली. ते अडीच तास तिचे होते. घरात कुणी नसायचं, खिडक्या लावून ती मनसोक्त बेसूर गायची, आरशासमोर भाषणं करायची, पलंगावर आडवी होऊन पाय भिंतीला लावून पुस्तक वाचायची. साहेब, तुमच्या फॉर्ममध्ये त्याला 'एकटेपणाचे तास' म्हणतात. ती त्याला 'माझा वेळ' म्हणायची. तो गेला. आता रोज चारला ती दुकानातल्या स्टुलावर बसून बटणं रंगांप्रमाणे वेगळी करू लागली. एकदाही गायली नाही.

तिच्या आईने पोलीस चौकीत जाऊन निरोप दाखवला. त्यांनी नंबर लिहून घेतला, तपास करतो म्हणाले. यादीचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, "यादी आमची नाही." मास्तरांनी त्या दिवसापासून एकच काम मनाशी धरलं, पोरीचं नाव त्या यादीतून निघालं पाहिजे. नाव निघेपर्यंत तिने स्टुलावरच बसायचं का, हे ते बायकोला विचारत, मशीनला विचारत, बॉबिनलाही विचारत.

शुक्रवारी ते शाळेत गेले.

"बाई, दोनशे सात नंबर काढून टाका."

वर्गशिक्षिका तपासायच्या वह्यांच्या ढिगामागून म्हणाल्या, "काढला तर शाळा शंभर टक्क्यांवरून खाली येईल."

"किती खाली?"

"नव्व्याण्णव पूर्णांक पंचाहत्तर."

"म्हणजे पावभर टक्का."

"मास्तर, तुमच्यासाठी पाव. वर विचारतात तेव्हा तो पाव टक्का माझ्या डोक्यावर बसतो."

"मग यादीला निदान कुलूप तरी लावा."

"मला कसं लावता येईल? यादी विभागाची. मी नुसती लिंक टाकली." मग त्यांनी आवाज उतरवला. "खरं सांगू का, मला चुकल्यासारखं वाटतंय. पण त्या दिवशी दर तासाला फोन येत होता, किती टक्के झाले, किती टक्के झाले. कुणी काय भरलं हे एकानेही विचारलं नाही."

सोमवारी मास्तर दुकान बंद ठेवून तुमच्या विभागात गेले. तुम्ही तेव्हा मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवर भाषण द्यायला कुठेतरी गेला होतात. खिडकीत एक कारकून होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, जे त्या इमारतीत फार दुर्मीळ आहे, आणि म्हणाले, "नाव काढायचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. बालकाचा फोटो, पत्ता, जन्मतारीख, आणि नाव का काढायचं त्याचं कारण सविस्तर."

"हे सगळं मी एकदा दिलंय. तेच तर काढायचंय."

"हो, पण कुणाचं काढायचं हे कळायला नको का?"

यात खोट काढता येईना. मास्तरांनी तिथेच बाकावर बसून अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात सविस्तर लिहिलं, की मुलीला अनोळखी निरोप आला, म्हणून ती हल्ली चारनंतर दुकानात बसते, आणि दुकान अमुक चौकात औषधांच्या दुकानाला लागून आहे. सवय होती, काय करणार.

"झालं," कारकून म्हणाले. "आता तुमचा अर्ज प्रलंबित अर्जांच्या यादीत दिसेल."

"कुणाला दिसेल?"

"सगळ्यांना. आपला कारभार पारदर्शक आहे."

टाचणी आता दोन याद्यांत होती. एकीत घरचा पत्ता, दुसरीत दुकानाचा.

"निर्णय कधी होईल?"

"नव्वद दिवसांत."

"आणि घाई असेल तर?"

"घाई आपण ठरवायची नसते. यंत्रणा ठरवते. एकटेपणाचे तास आठच्या वर गेले की ती आपोआप माणूस पाठवते, तोही चोवीस तासांच्या आत. तुमचे अडीच आहेत." कारकून हे अगदी धीर दिल्यासारखं म्हणाले.

संध्याकाळी तिघं दुकानात बसली. मास्तर म्हणाले, "उसवता येत नाही. मी सगळं बघून आलो."

"मग अल्टर करायचं," टाचणी मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली. "हे बघ, तुझ्या फॉर्मखाली 'दुरुस्ती' लिहिलंय. सगळं बदलता येतं, नावसुद्धा. फक्त कोरं ठेवता येत नाही. त्या दुसऱ्या अर्जालाही आहे."

"मग दोन्हीकडे टाका काहीबाही," आई म्हणाली.

"खोटं?" मास्तर म्हणाले. "एकतीस वर्षांत मी खोटं माप लिहिलेलं नाही."

"बरं, मग खरं माप लिहा. दुसऱ्या कुणाचं तरी."

"आपल्यापायी दुसऱ्याच्या पोराला त्या यादीत ढकलू?"

मग तिघांचीही नजर हळूहळू एकाच ठिकाणी गेली. काचेपाशी लहान मुलींचे कपडे लावून दाखवायची एक डमी उभी होती. फायबरची, गालांवर गुलाबी रंग, नाकाचा टवका उडालेला. अंगात शाळेचा गणवेश. गिऱ्हाइकांची मुलं तिला अबोली म्हणत.

मास्तर उठले. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि अबोलीचं माप घेतलं. त्यानंतर अर्धा तास त्यांनी जे भरलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

नाव, अबोली. वय नऊ वर्षं, कारण आणून नऊ वर्षं झाली होती. उंची तीन फूट दहा इंच. फोटो काढला, चेहरा स्पष्ट. पत्ता दुकानाचा. 'एकटे असण्याची वेळ.' रात्री नऊ ते सकाळी दहा, म्हणजे तेरा तास, शिवाय रविवार पूर्ण. 'घरात प्रवेश कसा करते?' करत नाही, आतच असते. 'आहार.' काही खात नाही. 'मित्रमैत्रिणी.' नाहीत. 'इंटरनेट वापर.' शून्य. 'अनोळखी व्यक्तींनी दिलेल्या वस्तू स्वीकारते का?' होय, कपडे, जवळजवळ रोज. 'प्रश्न विचारल्यास मोकळेपणाने बोलते का?' नाही. 'बालकास कशाची भीती वाटते?' इथे मास्तर अडले.

"ऊन," बायको म्हणाली. "उन्हात ठेवलं की रंग उडतो."

मास्तरांनी ऊन लिहिलं. नाव काढायच्या अर्जातही टाचणीच्या जागी अबोली आली, आणि कारणात 'वडील आता विचार करत आहेत' एवढंच राहिलं. टाचणीने दोन्ही याद्या पुन्हा उघडून बघितल्या. तिचा फोटो गेला होता, पत्ता गेला होता, गाणं गेलं होतं. दोनशे सात नंबरवर अबोली हसत उभी होती.

यंत्रणा खरंच झोपत नाही, साहेब. एवढं मात्र मानलं तुम्हाला.

मंगळवारी साडेचारला मास्तर आणि टाचणी दुकानाच्या आतल्या खोलीत चहा-दूध घेत बसले होते. शटर अर्धं खाली, बाहेरचा दिवा बंद. तेवढ्यात कुणीतरी वाकून आत आल्याचा आवाज झाला आणि एका बाईचा फार मऊ स्वर ऐकू आला.

"बाळा, घाबरू नकोस. आम्ही तुला मदत करायला आलोय."

थोडा वेळ शांतता.

"तुझं नाव अबोली ना?"

"भेदरलीय मॅडम ती," एक पुरुष कुजबुजला. "जागची हलत नाहीये."

"जेवलीस का तू काही?"

"काही खात नाही असंच लिहिलंय मॅडम. रकाना एकतीस."

"अरे देवा, हात बघा किती गार पडलेत."

टाचणीने दुधाचा पेला तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला आणि ओढणीचा एक तुकडा तोंडात कोंबला. मास्तर बाहेर गेले आणि त्यांनी दिवा लावला.

विभागाच्या पाहणी अधिकारी बाई अबोलीसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. तिचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता. मागे पांढऱ्या केसांचे सहायक टॅब घेऊन उभे होते. त्यांच्या दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा होता, फोडलेला.

सहायकांनी टॅबच्या कोपऱ्याने अबोलीच्या खांद्यावर टकटक केलं.

"मॅडम," सहायक म्हणाले, "ही फायबरची आहे."

"दिसतंय मला."

बाई उठल्या, साडी झटकली. "तुम्ही विभागाची दिशाभूल केलीत."

"एकही रकाना खोटा नाही," मास्तर म्हणाले. "टेप देऊ का?"

सहायकांनी खरंच टेप घेतली आणि मोजलं. "तीन फूट दहा. बरोबर आहे मॅडम."

"तुम्ही गप्प बसा हो." बाई स्टुलावर टेकल्या. "आता हे प्रकरण बंद कसं करायचं? टॅबमध्ये काय काय पर्याय आहेत, वाचा."

"तीनच आहेत. 'बालक आढळले नाही.'"

"ते दाबलं तर हरवल्याची शोधमोहीम सुरू होते. पुढचा?"

"'बालक धोक्यात.'"

"मग हिला ताब्यात घेऊन बालगृहात न्यावं लागेल. गाडीत बसणारही नाही ही, पाय वाकत नाहीत. तिसरा?"

"'बालक सुरक्षित.'"

बाईंनी अबोलीकडे बघितलं. मोबाइल नाही, इंटरनेट नाही, अनोळखी माणसाशी एक शब्द बोलणं नाही. "दाबा," त्या म्हणाल्या.

सहायकांनी दाबलं आणि पुड्यातलं एक बिस्किट खाल्लं.

मग मास्तरांनी टाचणीला बोलावलं आणि मोबाइलवरचा स्क्रीनशॉट बाईंपुढे धरला. "मॅडम, ही माझी मुलगी. खरी. हा निरोप हिला आला. काल संध्याकाळपर्यंत यादीत ही होती, तेव्हा तुमच्याकडून कुणी आलं नाही."

बाईंनी वाचलं. चेहऱ्यावरचं ऑफिस उतरलं. "आमच्याकडे आलंच नाही हो हे. हिचे तास किती होते?"

"अडीच."

"आठच्या आत आम्हाला काही दिसत नाही."

"पण त्या माणसाला दिसलं," टाचणी म्हणाली.

टाचणीने जरा थांबून विचारलं, "मॅडम, तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगा आहे. सातवीत."

"त्याचा फॉर्म भरलाय तुम्ही?"

सहायक एकदम टॅबमध्ये काहीतरी शोधू लागले. बाई पर्सचा पट्टा चाचपत राहिल्या.

"राहून गेलं," त्या म्हणाल्या.

"राहून गेलं की भरला नाही?"

"टाचणे," मास्तरांनी दटावलं.

"विचारू दे तिला," बाई म्हणाल्या. मग हळूच, जणू दुकानाबाहेर कुणी ऐकेल म्हणून, "नाही भरला. चावीचा रकाना आला आणि माझा हात थांबला. आमच्या ऑफिसात कुणीच भरलेला नाहीये, बाळा." या वेळचं 'बाळा' त्यांनी एका खऱ्या मुलीला म्हटलं होतं आणि ते मगाचपेक्षा फार अवघड गेलं.

ही गोष्ट इस्त्रीवाल्याच्या कानावर गेली. तो संध्याकाळीच दुकानात हजर.

"मास्तर, तुमची अबोली जरा वापरायला मिळेल का? फोटो आमच्याकडे आहे, मापही माहीत आहे. पोराचं नाव काढून तिलाच टाकतो."

"तुझा तर मुलगा आहे."

"स्वभाव 'बरा' आहे ना तिचा? मग झालं."

त्याचं बघून दुसऱ्याने केलं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. टाचणी स्टुलावर बसून एकेका पालकाला दुरुस्ती कुठे दाबायची ते दाखवत होती. आठवडाभरात मास्तर धरून त्रेसष्ट पालकांनी आपापल्या पोराच्या जागी अबोलीला उभं केलं. वर्गशिक्षिकाही एकदा गणवेशाचं माप द्यायच्या निमित्ताने येऊन गेल्या. माप दिलं नाही, दुरुस्तीचं मात्र विचारून गेल्या. त्यांची धाकटी त्याच शाळेत दुसरीत आहे.

मग तुमच्या विभागाच्या लक्षात आलं की एकाच शाळेतली त्रेसष्ट मुलं तीन फूट दहा इंचांवर अडकली आहेत आणि काही खात नाहीत. आधी तुम्ही पोषणाचं पथक पाठवलंत. पथकाने मुलांना ओळीत उभं करून मोजलं, सगळी वाढलेली निघाली, पथक परत गेलं. मग तुम्ही खरं काम केलंत. यादीला कुलूप लावलं नाहीत. 'दुरुस्ती' बंद केलीत. कारण काय दिलंत, तर मुलांची सुरक्षितता. आणि वर शाळेला पत्र धाडलंत, शंभर टक्के सुरक्षित शाळा म्हणून अभिनंदन, विशेष उल्लेख बालक क्रमांक दोनशे सात, जिचा मोठा फोटो चौकातल्या फलकावर लावायला पाठवावा.

मास्तरांनी फोटो पाठवला. रकाना होता.

परवा मी चारच्या सुमाराला त्यांच्या घरावरून जात होतो. वरच्या खिडकीतून गाणं ऐकू आलं. सूर कुठेच लागत नव्हता, आवाज खणखणीत होता. मी जिन्याशी उभा राहून थोडा वेळ ऐकलं आणि निघालो. एका घरातलं निभावलं, एवढं समाधान.

पण साहेब, चारशे बारातून त्रेसष्ट वजा करा. तीनशे एकोणपन्नास मुलं अजून त्या यादीत आहेत. नाव, फोटो, पत्ता, एकटं असण्याची वेळ आणि दार कसं उघडतं ते. आज, आत्ता, हे तुम्ही वाचताय तेव्हासुद्धा. त्यांच्या आईबापांनी तुमचा शब्द मानून एकही रकाना कोरा ठेवलेला नाही, आणि तुमच्या ऑफिसातल्या एकाच्याही मुलाचं नाव तिथे नाही.

का नाही? जे तुमच्या पोरांच्या बाबतीत धोक्याचं वाटलं, ते आमच्या पोरांच्या बाबतीत चाललं कसं? आणि ती यादी बंद कधी करताय? नव्वद दिवस सांगू नका. तारीख लिहा, खाली सही करा, आणि सही करण्यापूर्वी या वेळी वाचा.